बशीतलं मीठ

हॉटेलातले लोक त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे इस्त्री. या नावाला दोन कारणं होती. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची सकाळी अकराला जी घडी असे, तीच संध्याकाळी सातलाही असे, हे एक. दुसरं म्हणजे हॉटेलात कुठल्याही टेबलावर सुरकुती पडली, म्हणजे कुणी आवाज चढवला, कुणी शेजारच्याच्या डोक्यावरून ओरडून पाणी मागितलं, कुणाच्या पोरांनी खुर्च्यांची आगगाडी केली, की काका तिथे जात आणि कापडाला चटका न लावता ती सुरकुती साफ करून येत. एकोणतीस वर्षं ते हेच करत आले होते. हुद्दा कॅप्टनचा, म्हणजे वेटरांच्या वर आणि मालकाच्या खाली. दोन्हीकडून बोलणी खायला इतकी सोयीची जागा दुसरी नसेल.

भूक लागली की माणसाचा खरा स्वभाव दिसतो, असं लोक म्हणतात. काकांना हे पटत नसे. त्यांच्या मते भुकेलं माणूस गरीब गाय असतं; पोट अर्धं भरलं की त्याला शिंगं फुटतात. आणि शिंगं फुटलेल्या गिऱ्हाइकाला कधी बोलायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. बोललं की ते भांडतं. त्यापेक्षा त्याचं त्याला कळेल असं काहीतरी करायचं आणि आपण साळसूदपणे बाजूला व्हायचं.

कुणी चुटकी वाजवून वेटरला बोलावलं, की काका लगबगीनं त्या टेबलाशी जात, वाकून टेबलाखाली बघत आणि काळजीनं विचारत, "काही पडलं का आपलं? आवाज आला म्हणून." त्या माणसाची बोटं मग जेवण होईपर्यंत चमच्याला चिकटून राहत. फोन मोठ्यानं लावून सगळ्या हॉटेलाला आपला घरचा कारभार ऐकवणारा असला, तर काका ऑर्डरची वही उघडून, पेन्सिल टेकवून, मान जरा झुकवून त्याच्या शेजारी उभे राहत. त्यानं वर पाहिलं की म्हणत, सावकाश होऊ द्या, मी थांबतो. एका गृहस्थानं मेहुण्याशी चाललेलं भांडण नऊ मिनिटं ओढलं आणि काका नऊ मिनिटं तसेच उभे होते. मेहुण्याचं पुढे काय झालं कोण जाणे, पण गृहस्थानं फोन ठेवून आधी काकांची माफी मागितली. पळापळ करणाऱ्या पोरांना ते चमच्यांचे तपासनीस नेमत. डाग शोधता शोधता पोरं अशी गंभीर होऊन बसत, की आईबापांना आपलीच पोरं ओळखू येत नसत. आणि मासा काट्यापर्यंत साफ केल्यावर तो शिळा होता म्हणणाऱ्याची रिकामी ताटली काका दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरत आणि फार दुःखानं विचारत, की नेमका कुठला भाग शिळा लागला, म्हणजे आचाऱ्याला दाखवता येईल.

या सगळ्या कथा काकूंना पाठ होत्या. काकू म्हणजे अर्थातच त्यांची बायको. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी त्यांनी कमी-जास्त केलेल्या होत्या. कुणाचं पोट किती सुटलं, कुणी ते कुणापासून लपवलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडत नसे. काका सकाळी साडेदहाला जेवून कामावर निघत. जेवताना एक डोळा घड्याळावर असे आणि तोंडात आदल्या दिवशीची गिऱ्हाइकं. ताट समोर आलं की ते शेजारच्या बशीतली मीठदाणी उचलून, चव न घेताच, अन्नावर दोनदा झटकत आणि गोष्ट सुरू करत. आणखी काही हवं असलं तर ताट चार बोटं पुढे सरकवत, नको असलं तर हात आडवा धरत. गोष्ट संपली की जेवण संपे, आणि जेवण संपलं की काका दाराबाहेर. काकू सगळं ऐकत. दाताखाली दोरा तोडता तोडता कधी हसतही.

काकांची सगळ्यांत लाडकी गोष्ट मिठाच्या खुणेची. चौदा वर्षांपूर्वी एका वेटरनं फारच ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर सूप सांडलं होतं. चुकून, असं तो अजूनही म्हणतो. तेव्हा काकांनी विचार केला, की शिंगाळ गिऱ्हाईक कुठलं हे सगळ्या वेटरांना एका नजरेत, एक शब्द न बोलता कळलं पाहिजे. हॉटेलात प्रत्येक टेबलावर फुलदाणीपाशी मीठ आणि मिरपूड अशा दोन बाटल्यांची जोडी असे. ठरलं असं, की ज्याचं वागणं बिघडलेलं त्याच्या उजव्या हाताशी मीठदाणी सरकवून ठेवायची. ती दिसली की समजायचं, इथे जपून, वाद नको, मनाला लावून घेणं नको, काकांना बोलवा.

सुरुवातीला यात एक घोटाळा झाला. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ दर बुधवारी एकटेच जेवायला येत. स्वभावानं इतके मऊ, की पाणी मागतानाही क्षमा मागत. त्यांना सुपात मीठ जास्त लागे आणि मीठ घालून झालं की बाटली राही उजव्या हाताशीच. झालं. तीन बुधवार सगळं हॉटेल त्यांच्याभोवती चवड्यांवर चाललं. सूप दोन हातांनी आलं, खुर्ची दोघांनी ओढली, निघताना मालक स्वतः दारापर्यंत आले. चौथ्या बुधवारी चूक उमगली आणि सगळे पुन्हा नेहमीसारखे वागू लागले, तेव्हा त्या गरीब माणसानं आयुष्यातली पहिली तक्रार केली, की या हॉटेलात आता पूर्वीसारखं राहिलं नाही. तेव्हापासून खुणेत एक सुधारणा झाली. मीठदाणी नुसती सरकवायची नाही, बशीत ठेवायची. शहाणं असो की वेडं, कुठलंही माणूस आपणहून मीठ बशीत ठेवत नाही. पुढे तर वेटरांची ती भाषाच होऊन गेली. मालक कुरकुरत आले की आत निरोप जाई, आज साहेबांचं मीठ बशीत आहे.

अशी ही कर्तबगारी आता संपायला आली होती. काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. आणि नेमकी त्याच सुमाराला परगावी असलेल्या लेकीनं शिवणाचं दुकान काढायचं ठरवलं. आईशिवाय तिला ते जमणार नव्हतं. महिन्याभरात ये, आणि आता तिकडेच राहा, असं तिचं म्हणणं होतं. काकूंनी एका सकाळी ताट वाढता वाढता काकांना सांगितलं, की आपण जाणार. काका म्हणाले, उत्तम, मी सुटलो की मागोमाग येतोच. घरभाडं भरून इथे एकटा काय करू?

काकूंनी वाढणं थांबवलं. "माझं जायचं नक्की आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बोलवायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही."

काका हसले. काकू हसल्या नाहीत, तेव्हा काकांचंही हसू विरलं. त्यांनी विचारलं, मग ठरणार कधी? काकू म्हणाल्या, इतकी वर्षं मी तुमच्या हॉटेलच्या गोष्टीच ऐकतेय. एकदा मला तिथे जेवायला न्या. गिऱ्हाईक म्हणून, दोघंही. तुम्ही काम करायचं नाही, माझ्यासमोर बसून जेवायचं. जेवण झालं की सांगते.

काकांना एवढं सोपं काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एकोणतीस वर्षं ज्यानं लोकांना जेवायला बसवलं, त्याला एकदा बसून जेवायला काय लागतं? तरीही आठवडाभर त्यांना नीट झोप लागली नाही. दोन खोल्यांच्या त्या घरात यंत्राच्या आवाजाशिवाय आपण एकटे, हे चित्र मधूनच डोळ्यांपुढे येई. त्यांनी रविवार दुपारचं खिडकीजवळचं सात नंबरचं टेबल राखून ठेवलं. त्या दिवशीचा मासा त्यांनी आचाऱ्याला बजावून निवडायला लावला. वाढायला चष्मेवालीला नेमलं. चष्मेवाली ही त्यांच्या हाताखाली बारा वर्षं तयार झालेली वेटर, आणि त्यांच्यानंतर कॅप्टन तीच होणार होती. तिला त्यांनी तीनदा सांगितलं, की आमच्याकडे विशेष लक्ष द्यायचं नाही, नेहमीसारखं वागायचं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं सात नंबरचे चमचे पुन्हा पुसून ठेवले.

रविवारी काका तपकिरी कोट घालून आले. पांढऱ्या शर्टाशिवाय त्यांना हॉटेलात कुणी पाहिलंच नव्हतं. काकूंनी स्वतः शिवलेला निळा झगा घातला होता आणि केसांत एक साधा चिमटा. चष्मेवाली खुर्ची ओढायला पुढे झाली, तर काकांनी तिच्या आधी खुर्ची ओढली, आणि मग हळूच तिला सांगितलं, की खुर्ची ओढताना पाय वाजता कामा नयेत. खुर्ची त्यांनीच वाजवली होती.

बसल्या बसल्या त्यांनी काटा सरळ केला. ग्लास उजेडाकडे धरला आणि परत पाठवला. दुसरा आला, तोही धरला. काकूंनी तोवर मांडीवरचा नॅपकिन उलटा करून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. हॉटेलचे सगळे नॅपकिन गेली कित्येक वर्षं त्यांच्याच यंत्राखालून गेलेले होते, पण टेबलावर मांडलेला त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. ही कड माझी आहे, असं त्या म्हणाल्या. काकांनी "हं" केलं. त्यांचं लक्ष अकरा नंबरवर होतं. तिथे चौघांनी आपापले कोट पाचव्या टेबलाच्या खुर्चीवर रचून ठेवले होते.

ऑर्डर काकांनीच दिली, दोघांची. काकूंना काय आवडतं ते आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांनी चष्मेवालीला सांगितलं, आणि काकूंना न आवडणारं सूप मागवलं. मग काकू जरा पुढे वाकून बोलू लागल्या. "लेक म्हणत होती, की दुकानाच्या पाटीवर—"

"एक मिनिट हं," काका म्हणाले आणि उठले. नऊ नंबरखाली एक पोरगं आडवं झालं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होतं. काकांनी त्याला चमच्यांचा तपासनीस केलं. परत आले तेव्हा सूप आलेलं होतं. चष्मेवालीनं ते चुकीच्या बाजूनं ठेवलं असावं असा त्यांचा कयास होता, म्हणून त्यांनी तिला बोलावून ते योग्य बाजूनं पुन्हा ठेवायला लावलं. मग मीठदाणी उचलून चव न घेताच सुपावर दोनदा झटकली. काकूंनी आपल्या ब्रेडचा तुकडा मोडला आणि पुन्हा सुरुवात केली. पाटीवर म्हणे माझं, एवढंच त्या म्हणाल्या असतील, तोच मागच्या टेबलावर एका जाड्या गृहस्थानं फोन मोठा केला आणि कुणाला तरी गुडघ्याच्या दुखण्याची पहिल्यापासून हकीकत सांगायला घेतली.

काका अर्धे उठले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका पूर्ण उठले.

त्या गृहस्थाशेजारी जाऊन त्यांनी मान जरा झुकवली आणि नेहमीसारखे थांबले. पण अंगात पांढरा शर्ट नाही, हातात वही नाही. गृहस्थाला दिसला तो तपकिरी कोटातला एक अनोळखी म्हातारा, कान देऊन आपलं बोलणं ऐकणारा. त्यानं फोनवर हात ठेवून मोठ्यानं विचारलं, "काय हो, आपल्यालाही गुडघ्याचं आहे का?" आसपासची दोन टेबलं हसली. ते तसेच मागे फिरले. इस्त्री गार होती आणि सुरकुत्या सगळ्या त्यांच्याच कपाळावर आल्या होत्या.

बसल्यावर ते धुमसत होते. मासा अजून आला नव्हता. मासा का आला नाही, आचारी काय करतोय, चष्मेवाली तिकडे कुणाशी बोलत उभी आहे? काकू काही विचारत होत्या, ते त्यांच्या कानांपर्यंत आलं पण आत गेलं नाही. त्यांनी हात वर केला. चष्मेवालीची पाठ होती. आणि मग, देव जाणे कसं, काकांच्या हातून ते घडलं. त्यांनी चुटकी वाजवली.

कोरडी, खणखणीत चुटकी. आचाऱ्याच्या खिडकीशी उभे असलेले दोघे वेटर जागच्या जागी थिजले. चष्मेवाली वळली. बारा वर्षांची तालीम माणसाच्या पायांत जाते, डोक्याला विचारत नाही. ती लगबगीनं आली, वाकली, टेबलाखाली बघितलं आणि काळजीनं म्हणाली, "काही पडलं का आपलं? आवाज आला म्हणून."

मग आपण कुणाला काय म्हणालो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा नॅपकिनसारखा पांढरा झाला. काकांचा लाल होता. ती माशाचं बघते असं काहीतरी पुटपुटत पळाली. काकांनी पाणी प्यायला ग्लासकडे हात नेला, आणि तो हात वाटेतच राहिला. उजव्या हाताशी, ब्रेडच्या रिकाम्या बशीत, मीठदाणी उभी होती.

त्यांनी आधी चष्मेवालीच्या दिशेनं बघितलं. मग इतर वेटरांकडे. त्यांच्यापैकी कुणी टेबलाकडे फिरकलंच नव्हतं. फुलदाणीपाशी मिरपूड एकटीच उभी होती. समोर काकू शांतपणे ब्रेडला लोणी लावत होत्या.

"तू ठेवलंस?" काकांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून आहे हे?"

काकूंनी सुरी खाली ठेवली. "इथलं विचारताय की घरचं?"

काकांना आधी कळलं नाही. मग डोळ्यांपुढे घरचं टेबल आलं. टवका उडालेली निळी बशी. तिच्यात मीठदाणी. उजव्या हाताशी. रोज सकाळी साडेदहाला. मिरपूड मात्र चुलीजवळच्या फळीवर. दमट हवेनं मीठ ओलं होतं म्हणून बशी असेल, असं त्यांनी कधीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या बशीतून मीठ उचलून उचलून त्यांनी बायकोला मिठाच्या खुणेची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, याला गणती नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण लहानपणी पाठ करताना आपल्याला कुणी ती जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीच्या निम्मा होता.

"अकरा. लेक लग्न होऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ती होती तोवर जेवताना माझ्याशी बोलायला कुणीतरी होतं."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"तुम्हीच म्हणता ना, गिऱ्हाइकाला बोलायचं नाही. त्याचं त्याला कळेल असं करायचं." काकू जराशा हसल्या. "बाकी तुमची युक्ती चालते हो सगळ्यांवर. एकच गिऱ्हाईक निघालं चिवट."

काकांना लाज वाटली. त्यांना एकदम आठवलं, की दुपारपासून ही बाई एक वाक्य पुरं करायच्या खटपटीत आहे. दुपारपासून कशाला? त्यांनी खुर्ची पुढे ओढली, न वाजवता. मागे गुडघ्याची कथा आता शस्त्रक्रियेपर्यंत पोचली होती आणि आवाज चढला होता. काकूंनी त्या दिशेला भुवई उडवली, जायचंय का, अशी. काकांनी मान हलवली.

"पाटीवर काय म्हणत होतीस?" त्यांनी विचारलं.

मग काकूंनी सांगितलं. लेकीनं दुकानाच्या पाटीवर आईचं नाव घालायचं ठरवलं होतं. आपलं नाही, आईचं. रंगाऱ्यानं अक्षरांचे तीन नमुने पाठवले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या आतल्या बाजूला शिवण घातली, आतली शिवण कुणाला दिसत नाही, तेच बरं असतं. आणि आता एकदम भर रस्त्यावर, हातभर उंच अक्षरांत आपलं नाव. त्याची हौसही वाटते आणि रात्री भीतीही वाटते, की शिवण उसवली तर लोक नावानं ओळखतील. हे सगळं सांगायला त्यांना बराच वेळ लागला, कारण त्यांना सवय नव्हती. मधेच मासा आला. काकांनी तो कुठल्या बाजूनं आला हे पाहिलं नाही. मागच्या टेबलाशी चष्मेवाली ऑर्डरची वही उघडून, मान झुकवून उभी राहिली आणि गुडघ्याचं दुखणं मधल्या मधे थांबलं. हॉटेलात शांतता पसरली. काकांनी वळून बघितलं नाही. तीन नमुन्यांतला कुठला आवडला, ते त्यांनी काकूंना विचारलं.

परतताना त्यांनी धीर करून निकाल विचारला. काकू म्हणाल्या, बघू. एका जेवणावरून काय सांगणार?

त्यानंतरचा महिना हा काकांचा उमेदवारीचा काळ. पहिल्या आठवड्यात त्यांनी इतकी स्तुती केली, की पाणीसुद्धा छान झालंय म्हणाले. खोटं गोड बोलणारं गिऱ्हाईक ओरडणाऱ्यापेक्षा वाईट, एवढंच काकू म्हणाल्या आणि बशी जागेवर राहिली. दुसऱ्या आठवड्यात काकांनी एके दिवशी मिठाला हात लावायच्या आधी घास घेतला. भाजी अळणी होती. दुसऱ्या दिवशीही अळणी. हे वरून दोनदा झटकणारच, असं धरून काकू अकरा वर्षं त्यांच्यापुरतं मीठ कमी घालत आल्या होत्या, हे त्यांना त्या भाजीनं सांगितलं. गोष्ट सांगायची त्या दिवशी राहून गेली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिला घास घेतला तर मीठ बरोबर होतं. त्यांनी मान वर केली. काकू ताटात बघून जेवत होत्या. बशी अजून उजव्या हाताशीच होती. काकांनी ताट चार बोटं सरकवण्याऐवजी उठून स्वतःच भाजी वाढून घेतली आणि काकूंनाही वाढली, थोडी जास्तच.

काकू गेल्या त्या दिवशी काका त्यांना गाडीत बसवून थेट कामावर गेले. निकालाबद्दल काकूंनी काहीच सांगितलं नव्हतं आणि काकांनी विचारायचं धाडस केलं नव्हतं. हॉटेलात त्या दिवशी ते इतके गप्प होते, की एका टेबलावरच्या माणसानं आपण होऊन आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांनी स्वतःपुरते बटाटे उकडले. शिवणयंत्राची जागा रिकामी होती आणि तिथल्या फरशीवर चार पायांचे चार गोल डाग होते. ताट घेऊन ते टेबलाशी बसले. उजव्या हाताशी काही नव्हतं. बशी नाही, मीठ नाही. त्यांनी टेबलाखाली बघितलं, कपाट उघडलं. निळी बशी धुऊन भांड्यांच्या रॅकवर पालथी घातलेली होती. मग त्यांनी चुलीजवळच्या फळीकडे पाहिलं. तिथे मिरपुडीला चिकटून मीठदाणी उभी होती.

काका बराच वेळ फळीसमोर उभे राहिले. हे सांगायला घरात कुणी नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याचं खापर फोडायला कांदाही चिरलेला नव्हता. त्यांनी फोन लावला.

काकूंनी उचलल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, जेवलीस का? नीट पोचलीस का? पाटी लागली का? काकू सांगत गेल्या. लेकीनं नमुना दुसराच निवडला होता, आणि रंगाऱ्यानं नावात एक मात्रा जास्त दिली होती, ती आता खरवडायची होती. काका ऐकत होते. बटाटे गार झाले. सगळं सांगून झाल्यावर काकूंनी विचारलं, "मीठ सापडलं का?"

"सापडलं."

"कुठे होतं?"

"मिरपुडीशेजारी."

"मग तिकीट काढा," काकू म्हणाल्या.

काकांनी भांड्यांच्या रॅककडे पाहत विचारलं, "येताना ती निळी बशी आणू का?"

"आणा," काकू म्हणाल्या. "जवळ असू दे."